मोजणीचा खांब

बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात गढी होती, हे आज कोणाला पटत नाही. ती आम्हीच खाल्ली. खाल्ली माझ्या आजोबांनी, खुशालराव पाटलांनी, आणि वाट दाखवली तानुबाईनं.

तानुबाई माळीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गढीच्या माथ्यावर, पडक्या बुरुजाच्या आडोशाला तिची एकच खोली आणि गढीभोवतीच्या कोरड्या खंदकात तिची वांगी. बाजारात बायका आधी तिच्याच पाटीवर तुटून पडत. एकदा विहिरीवर तिच्या मैत्रिणीनं, मनकर्णेनं, वांग्यांचं गुपित सांग म्हणून फारच पिच्छा पुरवला, तेव्हा बोलून गेली, "गढीची पांढरी माती टाकतो मी. शेकडो वर्साची राख अन् शेन हाय तिच्यात."

त्याच साली विलायतेत कापूस खुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तानुबाईचं बोलणं आजोबांच्या कानावर गेलंच होतं; ती माती आपल्या वावरात टाकायला त्यांनी माती खोदणारे बेलदार लावले. तिला म्हणाले, "तानुबाई, तुया घराले हात लावनार नाई. पाटलाचा शब्द हाय."

शब्द पाळलाही. खंदक बुजवून त्यावरून गाड्या नेल्या, वर जाणारी चढण कापली, भोवतीची सगळी माती खणून नेली, पण खोलीच्या चारी बाजूंना हातभर अंगण सोडलं. गुडघा धरलेली म्हातारी शिडी कशी उतरणार? पाणी दोरानं वर जायचं, भाकरही. दिवसभर ती काठावर बसून खाली पाही. कापलेल्या मातीत राखेच्या रेघा दिसत, जळकी ज्वारी, बांगड्यांचे तुकडे, अर्ध्यात चिरलेल्या चुली, एकीखाली एक. "ह्या बी कोनी तरी लिपल्या असतीन," ती म्हणायची. तरी पाटलाचं गुणगान चालूच.

एक दिवस तिनं पाणी चढवणाऱ्या सूर्यभान बेलदाराला विचारलं, "पाटलानं मायावर एवढी मेहेरबानी काहून केली रे?"

सूर्यभान खाली बघत म्हणाला, "मेहेरबानी नाई, आजी. किती खोल खंदलं ते मोजाले मातीचा एक खांब ठेवा लागते. तुयं घर त्याच खांबावर हाय. परवा मोजनी. मंग त्योबी काढतो."

दुसऱ्या दिवशी तानुबाईनं विस्तव विझवला, चूल शेणानं सारवली आणि सूर्यभानच्या पाठीवर बसून खाली आली. खाली आल्यावर तिनं वर पाहिलं नाही. पुढं दोन वर्षं मनकर्णेच्या ओसरीवर काढली. वांग्याचा विषय निघाला की ती तोंड फिरवून बसायची.

त्या कापसावर आमची माडी उठली. मी त्याच माडीत राहतो, लाज वाटते तरी राहतो. परवा वखरताना वावरात भाजलेल्या मातीचं ढेकूळ लागलं, चुलीच्या काठाचं. वर लिंपणाऱ्या बाईच्या चार बोटांचे ठसे होते. माझी बोटं त्यांत नेमकी बसली. ते तानुबाईचं की तिच्या आधीच्या कोणाचं, ते सांगायला आता गढी नाही.