बोडीतली चौथी खुंटी

पोळ्याचा दुसरा दिवस, १९५३, सकाळ. ठिकाण: चालाभाऊंची बोडी. हजर: चालाभाऊ, त्यांची बायको गिरजाबाई, कोतवाल लहानू, गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरचं एक माणूस, आणि वही घेऊन मी, शाळेची बाई. बैल गैरहजर, कारण त्या दिवशी त्यांना जुंपत नाहीत. गिरणीचे शेठही गैरहजर. त्यांच्या गिरणीची राख मात्र हजर होती, पाळीवर माणसाच्या उंचीएवढी.

चालाभाऊ हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांना काहीही विचारा, ते तोंडाने उत्तर देत नसत. खांद्यावरचा दुपट्टा झटकून उठत आणि म्हणत, “चाला, दाखवतो.” सिंदेवाहीच्या बाजूच्या त्या गावात मी नवी होते तेव्हा त्यांना सहज विचारलं, “भाऊ, शाळेचं छप्पर कशानं गळतं हो?” पुढच्या घटकेला मी शिडीवर होते आणि भाऊ वरून एकेक फुटका कवेलू माझ्या हातात देत होते. एकदा दूरच्या गावचे पाहुणे मुलीसाठी गावातल्या एका स्थळाची चौकशी करायला आले. भाऊंनी त्यांना त्या घरी नेलंच नाही, उन्हातून थेट त्या माणसाच्या शेतावर नेलं. “बांध पाहा. ज्याचा बांध नीट, त्याचं घर नीट.” पाहुणे घाम पुसत परतले, आणि लग्न ठरलं.

त्यांची स्वतःची जमीन थोडी. जीव होता तो बोडीवर. बोडी म्हणजे शेताच्या डोक्यावर पाळ घालून अडवलेलं लहान तळं. आमच्या चांदा जिल्ह्यात धान गर्भात येतं नेमकं तेव्हाच पाऊस दडी मारतो. ज्याच्या बोडीत पाणी, त्याच्या घरात तांदूळ. ही बोडी भाऊंच्या वडिलांनी स्वतः खणलेली, सातबाऱ्यासारखी जपलेली. पाळीवर मोहाचं एक वाकडं झाड होतं. भाऊ रोज सकाळी त्याला हात लावून मगच कामाला जात.

या बोडीवर गिरणीच्या गाड्या येऊ लागल्या. सडकेच्या कडेला धानाची नवी गिरणी निघाली होती. तिथे बॉयलरची राख आणि सडका भुसा रोज निघे. शेठच्या आवारात जागा भरपूर, पण घाण वाटेल म्हणून तिथे टाकायचं नाही. उजाडायच्या आत गाड्या निघत आणि पांदणीलगतच्या पहिल्या मोकळ्या जागेत रित्या होत. ती मोकळी जागा म्हणजे शिवेवरची भाऊंची पाळ. पावसाने राख बोडीत उतरायची. दोन वर्षांत बोडीचा एक भाग उथळ झाला आणि खालच्या बांधीत, म्हणजे खाचरात, धान पिवळं पडलं.

भाऊंनी गाडीवानाला अडवलं. तो म्हणाला, “मले काय सांगता जी, शेठले सांगा.” शेठ म्हणाले, “मुनीमले सांगा.” मुनीम म्हणाले, “लिहून आणा.” तेव्हा भाऊ माझ्याकडे आले आणि मी अर्ज लिहिला.

अर्जावर नायब तहसीलदार साहेब आले. मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदाराची सत्ता, नुकतीच गेली होती आणि गावाच्या निस्ताराचा कागद तयार होत होता. गुरं कुठे चरणार, सरपण कुठून आणणार, कचरा कुठे टाकणार, अशी गावाची सगळी वहिवाट त्यात नोंदवायची होती. एकदा नोंद झाली की झाली. साहेब चावडीत बसले. भाऊ उठून उभे राहिले. “चाला साहेब, दाखवतो.”

साहेबांनी चिखलाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. “इथंच सांगा.”

शेठ गोड आवाजात बोलले, “साहेब, ती जागा गावाची कचऱ्याचीच आहे. गावालाच विचारा ना, मारबत कुठी टाकते ते.”

मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घराघरांतून काढायची इडापीडा. जुनी केरसुणी, फुटकं सूप, फाटकी टोपली घेऊन सगळं गाव “रोगराई घेऊन जा गे मारबत” असं ओरडत शिवेकडे जातं आणि तिथे सगळं टाकून मागे न बघता परततं. लहानू कोतवालाला वाटलं, साहेब आपल्या रीतीभातीची विचारपूस करतात. तो छाती पुढे काढून म्हणाला, “भाऊच्या बोडीवर जी! बापजाद्यापासून!” मागची सगळी डोकी अभिमानाने हलली.

“खरं आहे हे?” साहेबांनी भाऊंना विचारलं.

एखाद्याने गुळमुळीत उत्तर दिलं असतं. भाऊ म्हणाले, “खरं हाय. मी बी तिथीच टाकतो.”

शेठ हसले. साहेबांनी लेखणी उचलली आणि थांबले. माणूस न्यायाचा होता. म्हणाले, “कागद पक्का करायला अवकाश आहे. यंदाच्या पोळ्यानंतर मी पुन्हा येईन. तेव्हाही गाव तिथंच टाकत असेल तर तशी नोंद होईल.”

म्हणजे शेठच्या आधी गावालाच आवरायचं होतं. मी वहीत घरांची यादी केली, बाजूला दोन रकाने आखले: तयार, तयार नाही. पहिल्या संध्याकाळी ‘तयार’ खाली एकही नाव नव्हतं. मारबतीची वाट बदलली तर गावात हैजा येईल, हेच प्रत्येकाचं म्हणणं. लहानू म्हणाला, “बोडी तुमची एकट्याची, रोगराई साऱ्या गावाची. काऊन ऐकावं आमी?”

आणि ‘तयार नाही’ खालचं पहिलं नाव होतं गिरजाबाईंचं. त्या मला चुलीपाशीच म्हणाल्या, “एका साली झड होती. मारबत शिवेपर्यंत गेलीच नाई, गावातच राह्यली. त्याच साली माझी लेक देवीनं गेली. तुमी लिहा बाई काय लिहायचं ते. मी नाई बदलत.”

भाऊ ऐकत होते. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला. “चाल वो, दाखवतो.”

आम्ही तिघं निघालो. भाऊंनी बोडीच्या सांडव्यापासून सुरुवात केली. मग पाटाच्या कडेने, खालच्या बांधीतून, पाणी जसं वाहतं तसं ते आम्हाला चालवत राहिले. पाट जिथे संपतो तिथे गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला गाळात काहीतरी रुतलं होतं. भाऊंनी ते ओढून काढलं. केरसुणी होती, मुठीला लाल चिंधी बांधलेली.

गिरजाबाईंनी ती हातात घेतली. चिंधी त्यांच्याच जुन्या लुगड्याची होती.

“आपन बाहेर टाकून राह्यलो,” भाऊ हळूच म्हणाले, “अन् थे फिरून घरी येऊन राह्यलं.”

गिरजाबाई ती केरसुणी घेऊन गावात गेल्या. त्यापुढे मला फार काही करावं लागलं नाही. दारोदार त्याच फिरल्या. “तुयं बी सूप निघन तिथी. चाल, दाखवतो,” असं अगदी नवऱ्याच्या आवाजात म्हणायच्या आणि बाया हसत हसत मागे जायच्या. ठरलं असं: मारबत खडकाळ टेकाडावर न्यायची, म्हणजे शीव ओलांडली जाईल, आणि तिथे जाळायची, म्हणजे परत येणार नाही. लहानूचं नाव सगळ्यांत शेवटी दुसऱ्या रकान्यातून पहिल्यात आलं.

पोळ्यानंतरच्या त्या सकाळी मारबत जळली आणि लोक बोडीवर जमले. भाऊंनी पाळीवरच्या राखेची पहिली टोपली भरली. लहानू म्हणाला, “ही बी टेकाडावर न्यावाची का?”

“नाई. आपली इडापीडा आपन जाळली. ज्याची त्याले देऊन येऊ.”

“बैलाले सुट्टी, अन् आमाले जुंपता का भाऊ?”

“बैल कालच्या दिवशी सजला होता. तू सजला का?”

हसत, घसरत, ओल्या राखेने काळे होत लोक गिरणीपर्यंत गेले. फाटकाच्या आत, शेठच्या मोकळ्या आवारात, एका रांगेत टोपल्या रित्या होऊ लागल्या. मुनीम धावत बाहेर आले. “हे काय आणलं?”

“तुमचंच हाय जी. इसरले होते, आणून देलं,” भाऊ म्हणाले.

मी वही पुढे केली. “टोपल्या दोनशे चौदा. मिळाल्याची सही करा.”

तीस वर्षं या ना त्या गिरणीच्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक मालावर मुनीमांनी सही केली होती. हात आपोआप कानावरच्या लेखणीकडे गेला. ‘गिरणीची राख, टोपल्या २१४, पोचल्या,’ असं सुबक अक्षरात लिहून त्यांनी सही केली, शाई वाळायला वाळू टाकली, आणि मग त्यांचा चेहरा पडला.

साहेब आले तेव्हा जुने बूट घालून आले होते. “चला, दाखवा,” ते आपणहून म्हणाले. टेकाडावरची जळलेली जागा पाहिली, पाळ पाहिली, मुनीमांचा कागद दोनदा वाचला. निस्ताराच्या कागदात बोडीपुढे कचऱ्याचं नाव आलं नाही. शेठने आपल्या आवारात खड्डा खणावा आणि पाण्याखालची राख उन्हाळ्यात काढून द्यावी, असा हुकूम झाला. शेठ म्हणाले, पाण्याखाली किती आहे कोणास ठाऊक. भाऊ तेव्हाच छातीभर पाण्यात उतरले. पायाने तळ चाचपत फिरले आणि राख जिथे संपते तिथे चार कोपऱ्यांवर बांबूच्या चार खुंट्या ठोकल्या. मला म्हणाले, “चौथी नीट पाहून ठेवा बाई. वाकड्या मोहापासून माझी अकरा पावलं.”

माघात ते तापाने गेले. शेवटच्या दिवशी वैद्याने विचारलं, कुठे दुखतं? भाऊंनी उठायचा प्रयत्न केला. गिरजाबाईंनी त्यांना धरलं आणि म्हणाल्या, “राहू द्या. मीच दाखवते.”

उन्हाळ्यात गिरणीची माणसं आली, तीन खुंट्यांपर्यंत राख उपसून गेली. चौथी खुंटी म्हशींनी मोडली होती. ती दिसली नाही, म्हणून काम झालं असं त्यांनी सांगितलं. गिरजाबाई तेव्हा माहेरी होत्या, आणि माझी चामोर्शीला बदली झाली होती. माझ्या निरोपाच्या दिवशी गिरजाबाईंनी मला बजावलं होतं, “बाई, कागदानं नाई होत. कोनाले तरी चालावं लागते.” तरी मी चामोर्शीहून तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: जागा समक्ष दाखवावी.

वहीतलं ते पान अजून उघडंच आहे. पूर्वेचा कोपरा. वाकड्या मोहापासून पाण्याच्या दिशेने भाऊंची अकरा पावलं, माझी चौदा. बोडी आटली की जाऊन दाखवणे. बाकी.