उडालेल्या पाण्याची परतफेड

सिंगापुरात सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी घडी करताना दमटच लागतो. अशा हवेत राहून मी पाणी किती उडतं याचा अभ्यास करून पोट भरते. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर जलतज्ज्ञ असं छापलेलं आहे आणि घरातल्या कोणालाही ते खरं वाटत नाही.

मध्यंतरी आमच्या ऑफिसात एक काम आलं. महाराष्ट्रात एका नदीकाठी रेती आणि गोटे काढायची मोठी खाण होती. खणत खणत माणसं एवढी खाली गेली, की जमिनीतलं पाणी उघडं पडलं आणि खाणीचं तळं झालं. जमिनीच्या पोटात होतं तोवर ते पाणी सुखात होतं. वर आल्यावर ऊन ते रोज प्यायला लागलं. खाणीत गुंतवणूक करणारे लोक सिंगापूरचे, निसर्गाबद्दल फार हळवे. त्यांनी अट घातली, की जेवढं पाणी उडेल तेवढं भरून द्या. खणूच नका, असं मात्र त्यांच्यापैकी कोणी म्हणालं नाही. हळवेपणालाही मर्यादा असते.

आमचे साहेब मूळचे पुण्याचे, त्यामुळे त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. हे काम त्यांनी माझ्याकडे दिलं, कारण खाणीशेजारचं गाव माझ्या मावशीचं. "तुला तिथलं लोकल नॉलेज आहे," ते म्हणाले. माझं लोकल नॉलेज एवढंच, की लहानपणी सुट्टीत मी तिथल्या बौद्धवाड्याच्या विहिरीवर पाणी शेंदायला शिकले होते. ती विहीर आमच्या आजोबांच्या पिढीने स्वतःच्या हातांनी खणली होती. गावच्या विहिरीवर त्यांना कोणी पाणी भरू देत नसे.

मी मन लावून काम केलं. तळ्याचा बराच भाग बुजवून टाका, म्हणजे उन्हाला प्यायला कमी मिळेल, आणि पावसाळ्यात नदीचं वाहून जाणारं पाणी अडवून जमिनीत मुरवा, असं सुचवलं. साहेब म्हणाले, "सुंदर. पण पावसाळ्यापर्यंत कोण थांबणार? सध्या टँकर लावू. जेवढं उडालं तेवढं आणून ओतायचं. सिंपल." टँकर पाणी कुठून आणणार, असं मी विचारलं. ते कंत्राटदार बघेल, आपण इथे बसून त्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, असं ठरलं आणि सगळे जेवायला हॉकर सेंटरला गेले.

पुढे एका शनिवारी ऑफिसची सहल पुलाउ उबीनला निघाली. भाड्याच्या सायकली घेऊन आम्ही बेटावरच्या जुन्या दगडखाणीपाशी पोचलो. खाण कधीच बंद पडलेली, काठोकाठ पाणी, भोवती गच्च झाडी. साहेबांनी हेल्मेट काढलं आणि तळ्याकडे हात करून म्हणाले, "बघा, आपली खाणही एक दिवस अशीच होईल!" उबीनला वर्षभर पाऊस कोसळतो आणि आमच्या खाणीवर वैशाखात कावळासुद्धा सावली शोधतो, हा विषय कोणी काढला नाही. सगळे सेल्फी काढण्यात गर्क होते. तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"अगं, आपल्या हिरीवर टँकर लागलाय. मोटर बंदच करंनात, पार तळ दिसाया लागला. कुटं नेता इचारलं, तर खानीत ओततो म्हनं. तुमच्याच हापिसाचा हुकूम हाय म्हनं. खरं हाय का गं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथेच साहेबांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हेल्मेट पुन्हा घातलं आणि ग्रामपंचायतीची परवानगी आहे असं सांगितलं. विहीर वाड्याची आणि परवानगी गावाची. "सोमवारी बोलू," म्हणून ते सायकलवर बसले.

घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगत होते, तर लेक मध्येच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बट आई, सेम वॉटर लाह!" सोमवारी मी साहेबांना तेच चित्र काढून समजावलं. खाणीतलं आणि विहिरीतलं पाणी जमिनीखाली एकच आहे, आपण वाड्याचं प्यायचं पाणी उपसून उन्हाला पाजतो आहोत. साहेब गंभीर झाले. वाड्याला पाणी कमी पडतंय हे त्यांना अजिबात सहन झालं नाही. त्यांनी लगेच वाड्याला मोफत टँकर मंजूर केला.

तो टँकर खाणीतून भरायचा.

आता एक टँकर विहिरीचं पाणी खाणीत नेत होता आणि दुसरा खाणीचं पाणी वाड्यात आणत होता. वाटेत दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना हात करत असतील. गुंतवणूकदार खूश झाले, एकाच कामात निसर्गही सांभाळला आणि समाजही. ऑफिसच्या स्क्रीनवर फोटो झळकला. टँकरपुढे उभ्या राहून वाड्यातल्या बायका टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यांत माझी मावशी होती.

"हिरवंगार पानी," ती फोनवर म्हणाली. "अन् टाळ्या वाजवल्याबिगर नळी सोडंना मेला."

मला रडू आलं, आणि रागही आला.

काही दिवसांनी खाणीत पाणी पडायचं अचानक थांबलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "तुझी मावशी विहिरीच्या मोटरचा फ्यूज काढून घेऊन बसली आहे. वाड्यातले लोक दोरीने पाणी शेंदतायत आणि टँकर रिकामा उभा आहे. तिला समजाव. तुझं ती ऐकेल." मग म्हणाले, "तुझा पासही रिन्यूअलला आलाय ना?" सिंगापुरात आमचं राहणं त्या पासवर आणि पास या नोकरीवर. लेकीची शाळाही त्यावरच. मी फोन लावला. त्यांनी तो स्पीकरवर ठेवायला लावला.

"फ्यूज म्या पिठाच्या डब्यात घातलाय," मावशी म्हणाली. "तुझा सायेब लई मागं लागलाय. तू शिकलेली हायस, तू सांग. दिऊ का परत?"

साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, हो म्हण.

"मावशी," मी म्हटलं, "पिठाचा डबा लगेच सापडतो. दुसरीकडे कुठेतरी ठेव."