बर्फातली पोरगी आणि आमच्या घरचा मेंढपाळ

आमच्या घरी गोष्टीचं एक पुस्तक होतं. होतं म्हणजे, मधलं होतं. कव्हर उंदरांनी नेलं आणि शेवटची पानं कोणी नेली, ते घरात आजवर कोणी कबूल केलेलं नाही.

गोष्ट मूळची विलायतेतली. इंग्रजांच्या काळात कुण्या मास्तरांनी ती मराठीत आणली. आपल्या लेकरांना कळावी म्हणून त्यांनी तिकडच्या पोरीला परकर-पोलकं घातलं, शिदोरीत पुरणपोळी बांधून दिली. बर्फ तेवढा बदलायचा राहून गेला. त्यामुळे ही परकरातली पोरगी पुरणपोळी खात खात गुडघाभर बर्फातून जाते आणि अस्वलाच्या गुहेत अडकते. आम्हाला त्यात कधीच काही वावगं वाटलं नाही.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य, शाळा उर्दू. आजोबांनी हे पुस्तक हद्दीपलीकडच्या वाशिमच्या बाजारातून आणलं आणि मेंढरांमागं फिरता फिरता त्याच्यावरच मराठी वाचायला शिकले. पण पुस्तक संपतं तेव्हा पोरगी अजून गुहेतच! आजोबांना ते काही बघवेना. त्यांनी आपल्या मनानं एक मेंढपाळ धाडला. तो पोरीला घोंगडीत गुंडाळतो, खांद्यावर घेतो आणि घरी पोचवतो. त्यांनी हा शेवट वडिलांना सांगितला, वडिलांनी मला, आणि मी घरातल्या झाडून सगळ्या लेकरांना 'पुस्तकात असंच लिहिलंय' म्हणून सांगत आलो.

यंदा हिंगोलीत माझ्या मुलीच्या शाळेत गोष्ट सांगायचा कार्यक्रम ठरला. मुलगी सहावीत. तिनं हीच गोष्ट निवडली. मी एवढा फुगलो की घोंगडी आणायला खास गावाकडं जाऊन आलो. कार्यक्रमाला तीन दिवस असताना ती मोबाइल घेऊन समोर उभी राहिली. मूळ इंग्रजी गोष्ट तिला सापडली होती.

"पप्पा, ह्याच्यात मेंढपाळ न्हाईच."

"असंल की. नीट बग."

"न्हाई. अस्वल झोपतं अन् ती आपल्याच पावलांच्या ठशांवरून घरी जाते. बर्फात ठसे राहतात ना! तुमी आजवर काय सांगून राहिले होते?"

आजोबांच्या लेखी बर्फ म्हणजे गारा. बर्फात ठसे उमटतात हे त्यांना सुचावं कसं? मी हे सगळं तिला समजावलं. आजोबांच्या मेहनतीची आठवण दिली, घराण्याच्या इज्जतीचा विषय काढला. शेवटी चक्क विनवणी केली, "तेवढा मेंढपाळ राहू दे."

"ती एकटी येऊ शकते, तर तो काहून लागते?"

"तिला न्हाई, तुझ्या पप्पाला लागते," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "सांगताना असे सांगतात, जसे स्वतःच पोरीला घेऊन आले. अन् गल्लीतलं कुत्रं भुंकलं की गेटाबाहेर पडत न्हाईत."

शेवट कोणता सांगणार, हे मुलीनं काही सांगितलं नाही. विचारलं की "पाहू." घोंगडी मात्र पिशवीत घालून नेली, म्हणून मला आशा होती.

कार्यक्रमाला मी चष्मा पुसून पहिल्या रांगेत, बायको शेजारी. मुलीनं सुरुवातीलाच बर्फ काढून टाकला! चार दिवसांची पावसाची झड, काळं रान, गुडघाभर चिखल. चिखलात चप्पल रुतली तशी सगळी पोरं हसली. ती भानगड सगळ्यांच्या ओळखीची. अस्वल झोपलं. पोरगी चिखलातल्या आपल्याच ठशांवरून निघाली. मेंढपाळाचा पत्ता नाही. मी मान खाली घातली.

"तेवढ्यात कोणीतरी वरडलं," ती म्हणाली. "बघते तर एक मेंढपाळ कमरेएवढा रुतलेला. चष्मा चिखलानं भरलेला, अन् ढेरीमुळं वर काही येता येईना. तो म्हणे, 'पोरी, भिऊ नको, मी तुला वाचवायला आलो!'"

बायको इतकी हसली की मागच्या रांगेतल्यांनीही माझ्याकडं वाकून पाहिलं. पोरीनं घोंगडीचं एक टोक फेकलं, त्याला ओढून काढलं आणि बजावलं, "आता गुमान माझ्या मागं मागं चाला."

बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं. संध्याकाळी माझी धाकटी भाची गोष्ट सांगा म्हणून मांडीवर येऊन बसली. मुलगी शेजारी, लक्ष ठेवायला. मी मुकाट्यानं मेंढपाळाला चिखलात घातलं.

"ढेरी राहिली," मुलगी म्हणाली.

मी ढेरीही घातली.