मधला आकडा

बाबाराव गुरुजींनी रोहणा गावच्या पोरांना बेरीज शिकवली ती हरभऱ्याच्या घाट्यांवर, म्हणजे दाणे भरलेल्या हिरव्या शेंगांवर. शेतात हरभरा भरला की तीन पोरं फळ्यासमोर उभी करायची. एकाच्या ओंजळीत चार घाटे, दुसऱ्याच्या पाच, तिसऱ्याच्या सहा. सहावाल्यानं चारवाल्याला एक द्यायचा. झाले तिघंही पाच-पाचचे धनी.

"लागोपाठचे कोनतेई तीन आकडे घ्या," गुरुजी म्हणायचे, "बेरीज मधल्याच्या तिप्पट. मधल्यानं काई देल्लं नाई, काई घेतलं नाई. पन सारा हिसाब त्याच्याच भरवशावर उभा हाये."

मग घाटे खाऊन टाकायचे. त्या काळी गणिताच्या तासाला रोहण्यात कोणी दांडी मारत नसे, त्याचं श्रेय गणिताला किती आणि हरभऱ्याला किती, हे आपण न विचारलेलं बरं. घाटे निवडून पिशवीत भरून द्यायचं काम जिजाबाईंचं. नवऱ्याचं ते मधल्याचं पुराण ऐकून त्यांचे कान किटले होते.

निवृत्तीनंतर गुरुजींना लकवा झाला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा मात्र गेली. समोरच्याचं बोलणं सगळं कळायचं, पण पाणी हवं असेल तर 'पाणी' हा शब्द काही केल्या सापडायचा नाही. 'जिजा'ही सापडेना. लग्न झाल्यापासून या माणसानं 'जिजा' अशी हाक मारल्याशिवाय दारात चप्पल काढली नव्हती. आता ते मुकाट्यानं घरात यायचे. एकदा तरी हाक ऐकू यावी, एवढंच जिजाबाईंचं मागणं होतं.

आणि एका दुपारी गुरुजींना जेवायला वाढताना बाईंनी विचारलं, "भाकर किती वाढू?" गुरुजींचे ओठ हलले. "एक," ते म्हणाले. बाईंनी आनंदानं एक वाढली. "दोन." दुसरी वाढली. "तीन, चार, पाच..." बाई वाढत गेल्या, गुरुजी मोजत गेले. टोपली रिकामी झाली, ताटात भाकरींची चळत उभी राहिली आणि गुरुजी तिच्याकडे बघत रडायला लागले. सून मेघा स्वयंपाकघरातून धावत आली.

"डोकं फिरलं वो यायचं," जिजाबाई म्हणाल्या. त्यानंतर गुरुजी मोजायला लागले की त्या त्यांच्या तोंडावर हात ठेवत. चारचौघांत हसं नको म्हणून.

पण बुद्धविहारात काय करणार? पौर्णिमेला सगळ्यांसोबत वंदना सुरू झाली आणि गुरुजींचा आवाज खणखणीत निघाला. दुतियम्पि, ततियम्पि, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणायच्या त्या पाली ओळींत कुठे अडखळणं नाही. जिजाबाईंची वंदना मात्र मधेच थांबली. त्या नुसत्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

वर्ध्याला बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या, दीपमाला नावाच्या. मेघा सासू-सासऱ्यांना घेऊन तिथे गेली. भाकरींची गोष्ट ऐकून दीपमालाबाई हसल्या नाहीत.

"त्यायले दोनच भाकरी पाहिजे होत्या, मावशी," त्या म्हणाल्या. "सुटा शब्द त्यायले सापडत नाई, ओळीतला सापडते. दोन म्हनासाठी एकापासून निघा लागते. अन् एकदा निघाले का थांबता येत नाई. तुमी त्यायचं तोंड काऊन दाबून राह्यल्या? तोच तं रस्ता हाये."

जिजाबाईंनी परतीच्या एसटीत नवऱ्याचा हात सोडला नाही. आपण आपल्या हातानं त्यांची वाट बंद करत होतो, हे त्यांना फार लागलं. पण वाट आहे, हेही कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी ओसरीवर शाळा भरू लागली. गुरुजी मोजायचे. हव्या त्या आकड्यावर बाई त्यांचं मनगट दाबायच्या, की थांबायचं. थांबणं जमलं तसं बाई ओळीची सुरुवात स्वतः म्हणू लागल्या. "एक, दोन, तीन," आणि गुरुजींनी म्हणायचं, "चार." पुढे नुसतं "तीन" म्हटलं तरी "चार" यायचं. मात्र मागचा आकडा कानावर पडल्याशिवाय पुढचा येत नसे, आणि नावाच्या आधी कोणता आकडा असतो हे कोणाला ठाऊक? बाईंनी आपलं नाव शिकवायचा प्रयत्न करून पाहिला. गुरुजी घामाघूम व्हायचे. मग बाईच म्हणायच्या, "राहू द्या, मी हाये ना इथंच."

हरभरा भरला. शेजारचे सदाशिवराव गुरुजींचे जुने विद्यार्थी, त्यांनी घाट्यांनी लगडलेले डहाळे आणून टाकले. सासू-सून घाटे तोडत बसल्या. गुरुजी जवळ आले, जमिनीवर बसले आणि घाटे वेचून तीन ढीग मांडू लागले. मेघापुढे चार, जिजाबाईंपुढे पाच, स्वतःपुढे सहा. मग स्वतःच्या ढिगातला एक उचलून सुनेच्या ढिगात ठेवला. जिजाबाईंच्या ढिगाला त्यांनी हात लावला नाही. बोट मात्र तिथेच ठेवलं, आणि बाईंकडे बघत म्हणाले,

"पाच."

मागे एक नाही, दोन नाही, चार नाही. कोणी सुरुवात करून दिलेली नाही. थेट पाच.

मेघाच्या हातातला डहाळा खाली पडला. गुरुजींनी बोट ढिगावरून उचललं, बाईंच्या हातावर ठेवलं आणि पुन्हा म्हणाले, "पाच." त्यांचे डोळे भरून आले होते. मधल्याचं ते पुराण इतकी वर्षं नुसतं ऐकलेल्या जिजाबाईंना ते आपल्याला उद्देशून आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि मनातल्या मनात दीपमालाबाईंचे, मेघाचे, हरभऱ्याचे, कोणाकोणाचे उपकार मानले.

पुढे थोडे शब्द आले. पाणी आलं, चहा आला. जिजा आलं नाही. मेघा एकदा म्हणाली, "आई, नाव शिकवून पाहू का त्यायले परत?"

"नोको वो," जिजाबाई म्हणाल्या. "जिजा मायबापानं ठेवलं होतं. हे यायनं ठेवलं."

संध्याकाळी गुरुजी फिरून आले. दारात थांबले, चप्पल काढायच्या आधी "पाच" अशी हाक मारली, आणि आतून जिजाबाई पिठाचे हात झटकत म्हणाल्या, "आली."