सरांचा आवाज नव्या संगणकावर

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटचा हॉल माझ्या नातीनं, मुक्तानं, ऑफिस करून टाकलाय. ती आणि तिचा मित्र समीर. झाडू मारायला जागा नाही, पण किस्से? केरापेक्षा जास्त निघतात!

*

त्यांचा प्रोग्राम वाचा गेलेल्या माणसांसाठी. चित्रावर बोट ठेवलं की संगणक बोलतो. नारायण पेठेतले करंदीकर सर, रिटायर्ड शिक्षक. अर्धांगवायूनं त्यांचं बोलणं गेलं, लिहिणंही गेलं. दोन वर्षं ते या प्रोग्रामवरच बोलत होते. एक दिवस जुना संगणक बंद पडला तो पडलाच. मुलानं लगेच नवा धाडला, पण त्याची ऑपरेटिंग सिस्टीम निराळी. प्रोग्राम उघडेचना. सर मुके!

मी म्हटलं, "संगणक तो संगणक. निराळं काय त्यात?"

मुक्ता म्हणाली, "आजी, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात तुला हळदीचा डबा पटकन सापडेल का?"

मला कळलं. "मग लागा शोधायला," म्हटलं. "सर खोळंबलेत."

*

मी शाळेत गेले नाही. अक्षरांपेक्षा चित्रांवर माझी नजर बरी बसते, म्हणून तपासायचं काम माझ्याकडे. चौथ्या दिवशी समीर ओरडला, "झालं! सगळी बटणं बोलतात!"

मी पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवलं. संगणक म्हणाला, "दाढी करायची आहे."

जुन्या सिस्टीममध्ये चित्रांना आवाज ओळीनं लागायचे, नव्या सिस्टीममध्ये ती ओळच मोडलेली. आणि ही दोघं शहाणी आवाज येतो का एवढंच बघत होती. काय बोलतो ते ऐकतंय कोण!

"अरे, तहानेनं जीव जाईल त्यांचा, आणि गालाला साबण फासलेला असेल!"

समीरनं लगेच सगळी बटणं पुन्हा तपासली, एकेक करून.

*

सरांचा उजवा हात लुळा. आणि समीर उजव्या हातानं तपासतोय! मी पंचा घेतला आणि त्याचा हात खुर्चीला बांधला. "आता कर."

तासाभरानं कळवळून म्हणाला, "आजी, पाणी द्या की हो!"

"बटण दाब," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी बटणं मोठी झाली आणि डावीकडे सरकली.

*

सरांच्या पत्नी सुमनताई रोज फोन करायच्या. सातव्या दिवशी म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या हो. घाई कसली? हे कुठं काही म्हणतायत!"

फोन मात्र ठेवेनात. मीही ठेवला नाही.

*

नवव्या दिवशी आम्ही तिघं नारायण पेठेत. समीरनं प्रोग्राम घालून संगणक सरांपुढे ठेवला. सुमनताई दाराला टेकून उभ्या, पदर तोंडाशी. सरांचं बोट 'नमस्कार'वरून गेलं. 'धन्यवाद'वरून गेलं. मुक्तानं माझा हात घट्ट धरला. मग बोट एका चित्रावर थांबलं.

"मीठ कमी आहे."

अजून कोणापुढे चहासुद्धा आला नव्हता!

सुमनताई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नऊ दिवस अळणी जेवलात?"

सरांनी पुन्हा तेच बटण दाबलं.