बंद करीन तर मीच

मर्ल ट्रेलोरला डेलियाची फुलं फार आवडायची, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. तिचा नवरा अल्विन त्या फुलांपायी वेडा होता आणि ती अल्विनपायी, एवढाच काय तो संबंध. निरिमच्या टेकडीवरची लाल माती नखांत घेऊन तिने सगळा जन्म काढला. दर जूनला, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, गारठ्यात गड्डे खणून काढायचे, नळाखाली धुवायचे, कापून एकेक कंद वेगळा करायचा, भुशाच्या खोक्यात निजवायचा. दर जूनला ती म्हणायची, पुढच्या वर्षी हे माझ्याच्याने व्हायचं नाही. अल्विन म्हणायचा, "बरं." असली बरं म्हणणारी माणसं भांडणाऱ्यांपेक्षा वाईट, कारण पुढच्या जूनला खोकी पुन्हा मांडलेलीच असतात.

यंदा मार्चमध्ये, शेत ऐन फुलांत असताना, अल्विन गेला. ओळींमधून पाण्याची नळी ओढत होता, खाली बसला, आणि उठलाच नाही.

रडायला मर्लला फुरसत कुठली? फुलं झडली की देठं छाटायची, मग गड्डे काढायचे. ब्रिस्बेनची लेक लोर्ना रोज फोनवर म्हणत होती, आई, पुरे झालं, आता इकडे ये. मर्लनेही मनाशी ठरवून टाकलं होतं. यंदाचे कंद विकायचे, जागा विकायची, लेकीकडे जायचं. दमली होती हो बाई. सकाळी बूट चढवायला वाकलं तरी तिला वाटायचं, आता इथेच पडून राहावं.

आणि तेवढ्यात त्या दुकानवाल्या कंपनीचा निरोप आला. दुकान म्हणजे ऑनलाइन दुकान, त्यांचे कंद तिथूनच विकले जायचे. गावातल्या दुकानात डेलियाचे कंद घेणारं गिऱ्हाईक कधीच संपलं होतं. कंपनीने अगदी गोड भाषेत लिहिलं होतं की जूनअखेर आम्ही ही सेवा थांबवत आहोत, आपल्या प्रवासाबद्दल धन्यवाद. कसला प्रवास आणि कसलं काय! हे तिसऱ्यांदा होत होतं. पहिली कंपनी बुडाली, दुसरी एका मोठ्या कंपनीने गिळली, आणि दोन्ही वेळा अल्विनने शिव्या घालत सगळे फोटो नव्याने चढवले, एकेका फुलाबद्दल चार-चार ओळी पुन्हा लिहून काढल्या. त्याला ते लिहायला आवडायचं. त्याने स्वतः तयार केलेला एक गडद तांबडा डेलिया होता, त्याला त्याने मर्लच्या जुन्या विटक्या स्वेटरवरून 'मर्ल्स कार्डिगन' नाव दिलं होतं. खाली लिहिलं होतं, 'थंडीत टिकतो, वाऱ्यात वाकत नाही, फार कौतुक केलेलं चालत नाही.' मर्ल तेव्हा दोन दिवस बोलली नव्हती त्याच्याशी.

आता त्या ओळीही जूनअखेर पुसल्या जाणार होत्या.

डेलिया लावणाऱ्यांच्या मंडळात डेस क्विल्टी नावाचा गृहस्थ होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, बोलायला लागला की थांबवणारं कोणी लागायचं. तो आपला लॅपटॉप घेऊन मर्लच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला की भाड्याच्या दुकानांचा नाद आता सोड, खुलं सॉफ्टवेअर घे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं असतं, फुकट मिळतं, आपल्या जागेत ठेवायचं आणि हवं तसं बदलायचं. मालक कोणी नाही.

"मालक नाही, म्हणजे बिघडलं तर ओरडायचं कोणावर?" मर्लने विचारलं.

"माझ्यावर."

"तू तर आधीच अर्धा बहिरा आहेस."

डेसला ते ऐकू गेलं नाही, किंवा त्याने तसं दाखवलं. त्याने तिला तीन सॉफ्टवेअर दाखवली. पहिल्यात इतकी बटणं होती की विमान उडवता आलं असतं. त्यात जोडे-कपड्यांचे रंग, मापं, कुपनं, वाढदिवसाच्या शुभेच्छा. चार खोकी कंद विकायला हे सगळं काय चाटायचंय? दुसरं दिसायला छान होतं, पण ते साऱ्या किमतींवर शेवटी कर चढवायचं. इथे लिहिलेल्या किमतीतच कर धरलेला असतो, दिसते तेवढीच माणूस देतो. वर आणखी काही मागितलं तर गिऱ्हाईक तोंडावर दार लावून जातं. डेस म्हणाला, ते बदलता येईल. कधी, हे काही त्याला सांगता येईना. शिवाय टेकडीवरच्या इंटरनेटला ते उघडायलाच इतका वेळ लागायचा की मर्ल मधल्या वेळात चुलीत लाकडं घालून यायची.

तिसरं अगदी साधं होतं. फोटो, नाव, किंमत, शिल्लक किती, आणि पोस्टाची पिशवी लहान की मोठी. त्यात डेसने अल्विनचा तो स्वेटरचा मजकूर घातला आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

मर्लने तो वाचला. मग तिने जे विचारलं ते डेसला अपेक्षित नव्हतं. हे दुकान बंद कोण करू शकतं?

"कोणीच नाही. म्हणजे तू सोडून कोणी नाही."

"मग हेच घालू," ती म्हणाली. "तीन वेळा परक्या माणसांनी आमचं दुकान बंद केलं, डेस. आम्हाला न विचारता. हा हंगाम झाला की बंद करणारच आहे मी, पण ते मी करीन. माझ्या हाताने."

एवढ्यासाठी नवं दुकान घालायचं का, असं डेसच्या जिभेवर आलं होतं. तिचा चेहरा बघून त्याने दुसरा चहा मागितला.

जून सगळा त्यात गेला. दिवसा गड्डे, संध्याकाळी फोटो. पाठ मोडून आली. शेवटी प्रत्येक जातीपुढे शिल्लक किती ते भरायचं होतं. मर्लने शेडमध्ये जाऊन खोकी मोजली, आकडे आणून भरले. ते काम तिचंच होतं कायम. ती मोजायची, मोठ्याने आकडा सांगायची, आणि अल्विन पलीकडून त्यातली राखण वजा करून लिहायचा. राखण म्हणजे पुढच्या वर्षी लावायला मागे ठेवायचे कंद. डेलियावाला कोणीही असो, राखण काढल्याशिवाय विकत नाही. यंदा बाकीच्यांची राखण नकोच होती. पण कार्डिगनचे मात्र निम्मे कंद मागे ठेवून ते मंडळाच्या बागेला द्यायचे असं तिने ठरवलं होतं, म्हणजे ती ब्रिस्बेनला गेली तरी अल्विनचं फूल इथल्या मातीत राहिलं असतं. तेवढी एकच गोष्ट तिला या सगळ्यातून वाचवायची होती.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं. अल्विन गेल्याचं डेलियावाल्यांत सगळीकडे कळलं होतं, आणि कार्डिगन पुन्हा मिळायचा नाही हेही. चहा निवायच्या आत ती जात संपली, दुपारपर्यंत बाकीच्याही. मर्लला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. आपला नवरा लोकांना ठाऊक होता, असं वाटलं.

मग डेस आणि ती कार्डिगनच्या पिशव्या भरायला शेडमध्ये गेली. एक नाव, एक कंद, थोडा भुसा, पत्ता चिकटवायचा. खोकं रिकामं होत आलं तसा डेस आजूबाजूला बघायला लागला.

"राखण कुठे ठेवलीस?"

मर्लचा हात भुशातच थांबला. तिने खोकं चाचपलं, बाजूचं चाचपलं, बाकाखाली वाकून बघितलं. काही नव्हतं. मोजलं तिने होतं, पुरा आकडा तसाच भरला होता, आणि पलीकडे वजा करायला कोणी नव्हतं. ती उपड्या घातलेल्या क्रेटवर बसली आणि रडली. मार्चपासून साठलेलं सगळं त्या भुशात सांडलं. डेस पिशव्यांचा गठ्ठा उगीच सरळ करत राहिला.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "रद्द कर की ऑर्डरी. दुकान तुझं आहे. चूक झाली म्हणून लिहायचं, पैसे परत द्यायचे. कोण विचारतंय?"

मर्लने नाक पुसलं. "त्यांनी घेतलंय ते," ती म्हणाली. "अल्विनने विकलेला कंद कधी कोणाकडून मागे घेतला नाही. आता मी काय त्याच्या नावाने घेऊ?"

आणि ती उठून पुन्हा पिशव्या भरायला लागली. एक बॅलरॅटला, एक वॉगाला, दोन ॲडलेडला. डेस एकेक पत्ता वाचून दाखवत होता. शेवटचा त्याने आधी मनात दोनदा वाचला.

"मर्ल, हा पर्थचा आहे."

पर्थला कंद जात नाहीत. वाळवंटापलीकडे जायचं तर मातीतल्या वस्तूला तपासणी, दाखला, शिक्के, नाहीतर नाक्यावर जाळून टाकतात. लहान डेलियावाले त्या भानगडीत पडतच नाहीत. जुन्या दुकानांत अल्विनने तो प्रांत बंद करून ठेवलेला असायचा. नव्यात बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मर्लने घरात जाऊन पर्थला फोन लावला. रोझलिन डनस्टन नावाची बाई होती. मर्लने चूक सांगितली, पैसे परत पाठवते म्हणाली, माफी मागितली. बाई हळहळली. म्हणाली, फुलापेक्षा मला ते खाली लिहिलेलं आवडलं, कौतुक चालत नाही ते. कोणी लिहिलंय?

"माझ्या नवऱ्याने," मर्ल म्हणाली. "माझ्याबद्दल."

मग बाईने विचारलं, "मग हा कंद तुम्हीच लावाल ना?"

मर्ल फोन ठेवून ओल्या बुटांनी शेडमध्ये आली. पर्थच्या पिशवीतला कंद तिने बाहेर काढला. डेसने तोवर पिशव्या पोस्टाच्या गाडीसाठी दाराशी मांडल्या होत्या आणि लॅपटॉप बाकावर उघडून ठेवला होता. सगळं विकलं गेलंय, तो म्हणाला. तुला बंद करायचं होतं ना? हे बटण. एकदा दाबलं की झालं.

मर्लने बटणाकडे पाहिलं, मग हातातल्या कंदाकडे. कंद अंगठ्याएवढा होता, मानेशी डोळा फुटायला आलेला. गुडघे ठणकत होते. ब्रिस्बेनला ऊन असेल, लोर्नाने खोली रंगवून ठेवली असेल, हे सगळं तिला दिसत होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "एकाचे पुढच्या जूनपर्यंत पाच-सहा होतील."

"म्हणजे पुढच्या वर्षीही विकणार तू?"

"विकायचे की नाही ते नंतर बघू. आधी मला वजा करायला शिकू दे," मर्ल म्हणाली, आणि रिकाम्या खोक्यात मूठभर भुसा टाकून तिने तो कंद आत ठेवला.