भिजवणीचं पाणी

फुकटात शिकवायला आलेला माणूस मला पहिल्यापासून खपत नाही. परदेशी कंपनीचा इंजिनिअर आमच्या मिलवर आला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, आम्ही तुम्हाला तंत्रज्ञान द्यायला आलोय." तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं! आता हा इथून काय नेणार, तेवढं बघायचं.

आमची मिल कोहमाऱ्याच्या अलीकडे, हायवेला लागून. आम्ही उसना तांदूळ करतो. धान गरम पाण्यात भिजवायचं, वाफ द्यायची, अंगणात वाळवायचं, मग भरडायचं. सासरे गेल्यापासून मिल मीच बघते. नवरा शेती बघतो आणि तेच बरं आहे, कारण तो एका चहात कुणालाही घरातलं सगळं सांगून मोकळा होतो. कंपनीला लहान मुलांच्या खाऊसाठी आमचा तांदूळ हवा होता. ती आम्हाला भिजवणीसाठी स्टीलची बंद टाकी बसवून देणार होती. किती वेळ, किती गरम, सगळं पडद्यावर ठरणार. कुणी मध्ये हात घालायचा नाही.

इंजिनिअर पुण्याकडचा, गोड बोलणारा. आठवडाभर तो रोज यायचा. भिजवणीच्या हौदातलं पाणी बाटलीत भरून घ्यायचा, भट्टीजवळचं तूस पिशवीत घालायचा, भिंतींचेसुद्धा फोटो काढायचा. मी विचारलं, "तूस कशाला हो?" म्हणाला, "अभ्यासाला." तुसाचा अभ्यास! आमच्याकडे तूस भट्टीत जातं. पूर्वी एक व्यापारी असाच चार दिवस सासऱ्यांजवळ बसून वाफेची रीत बघून गेला होता. वर्षभरात त्यानं पलीकडच्या गावात स्वतःची मिल टाकली. मी कशी विसरेन?

आणि आमच्याकडे लपवण्यासारखं होतंच. ते होतं मिस्त्रींच्या नाकात. मिस्त्री म्हणजे भिजवण सांभाळणारे, सासऱ्यांच्या काळापासूनचे. केस पिकलेले, बोलणं मोजकं. भिजवण चालू असताना ते हौदावर वाकायचे आणि पाण्याचा वास घ्यायचे. ठरावीक आंबूस वास आला की अर्धं पाणी सोडून द्यायचे आणि नवीन गरम पाणी घ्यायचे. आमच्या तांदळाला कुबट वास येत नाही तो एवढ्यामुळेच. आसपासच्या मिलवाल्यांना हे अजून जमलेलं नाही.

मी मिस्त्रींना बाजूला घेतलं. "पाणी बदलायचं त्याला दिसू द्यायचं नाही. विचारलं तर सांगा, एकदाच भरतो."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "खोटा बोलाले लावून राहिल्या बाई? कायले?"

"कायले म्हणजे? उद्या तुमची रीत तो सगळ्या जिल्ह्याला वाटेल, मग आपण काय करायचं? हात चोळत बसायचं?"

ते हौदाकडे परतले. त्यानंतर रोज पाणी बदलायची वेळ झाली की मी इंजिनिअरला ढाब्यावर गरम आलूबोंडा खायला घेऊन जायची. तो बिचारा म्हणायचा, "मॅडम, तुमच्याकडचं आदरातिथ्य म्हणजे!" मला हसू आवरायचं नाही. खरं सांगते, स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते.

शेवटच्या दिवशी त्यानं एक कागद काढला. स्थानिक पद्धत काय, ते त्यानं नीट मराठीत लिहिलं होतं. पाणी एकदाच भरतात, हे मिस्त्रींनी सांगितलेलंही होतं त्यात. खाली रकाना होता: पद्धत सांगणाऱ्याचं नाव आणि सही. तो म्हणाला, "श्रेय मिस्त्रींनाच मिळायला हवं." मिस्त्रींनी पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी सही केली.

टाकी आली, बसली. चकचकीत, झाकण कुलूपबंद, आत कुणाचं नाक जाणार नाही अशी. पहिला माल गेला आणि पंधरा दिवसांत कंपनीचं पत्र आलं. तांदळाला वास येतोय. टाकी त्यांनी तपासली होती, टाकीत दोष नाही. स्थानिक माणसानं दिलेली माहिती चुकीची, सोबत त्याच्या सहीचा कागद. यापुढे माल हवा असेल तर त्या माणसाला भिजवणीवरून काढा, आम्ही आमचा शिकलेला माणूस पाठवतो.

माझं पहिलं वाक्य काय असावं? "बघा! मी म्हणत नव्हते? स्वतःचा माणूस आत घुसवायचा होता, म्हणून हे नाटक!" दोन दिवस मी घरात तेच बडबडत होते. नवरा शेवटी वैतागला. "त्या टाकीत तू सांगितलं तेच भरलंय ना?" मी त्याच्यावरच ओरडले. पण रात्रभर डोळा लागला नाही, हेही तितकंच खरं.

सकाळी मिस्त्री ऑफिसच्या दारात उभे. पत्राचं त्यांना कळलं होतं. "मी आंगनात जातो बाई. बायाइसंगं धान फिरवीन. तुमचा काम थांबाले नाही पायजे."

भर उन्हात, त्या वयात, पायांनी धान फिरवायला! आणि चूक कुणाची? त्यांच्यासमोरच मी इंजिनिअरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पाणी, आलूबोंडा, सही, सगळं. लाज वाटत होती, तरी सांगितलं.

तो म्हणाला, "अहो मॅडम, सांगायचं ना! टाकीला वास घ्यायला झरोका ठेवला असता. पाणी बदलायचं बटण दिलं असतं. एवढंच काम होतं." कंपनीनं पत्र मागे घेतलं. दोन माणसं आली आणि एकाच दुपारी झरोका आणि बटण बसवून गेली. मिस्त्री भिजवणीवर राहिले. आमची रीत घेऊन कुणी पळालं नाही. निदान अजून तरी नाही. मी अजूनही नजर ठेवून असते, खोटं कशाला बोलू?

इंजिनिअरनं नवीन कागद केला आणि मिस्त्रींपुढे धरला. त्यांनी हात मागे घेतले. "बाईची सही घ्या." मी सही केली. तो गेल्यावर मी म्हटलं, "मिस्त्री, माझं चुकलं." ते म्हणाले, "मशीनले खोटा सांगतला, ते समजते. तुमाले भेव होता. पन मी सही करून रायलो होतो, तवा काऊन नाही रोकला?"

परवा चिचगडकडून धान आलं, पावसात सापडलेलं. असल्या धानाचं पाणी लवकर आंबतं, पण नेमकं कधी ते मला कळत नाही. पडद्यावर तर अजून दोन तास दिसत होते. मिस्त्री झरोक्याशी वाकले, वास घेतला, सरळ झाले. चेहऱ्यावरून मला कळलं, त्यांना वेळ कळली आहे. मी विचारलं, "बदलायचं का आता?"

"मशीनले पुसा न बाई," बटणाला हात न लावता, पडद्याकडे बोट दाखवत ते म्हणाले.